गाडी घर असते का

अमरावती
दि. २४ नोव्हेंबर २०२४

ती. सुभद्राआत्यास,
पौर्णिमाचा शि. सा. न. वि. वि.

गाडी घर असते का, असं तू परवा जामीन झाल्यावर कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मला विचारलंस आणि मी चप्पल नीट करण्याचं नाटक केलं. आत्या, त्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून जिचे पेढे तू गाडीतल्या प्रत्येक प्रवाशाला वाटलेस, जी आता वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती तुझी भाची तुझ्या पहिल्याच प्रश्नाला नापास झाली.

इथे होस्टेलवर सगळ्या विचारतात, तेव्हा मी एवढंच सांगते. माझी आत्या अकोल्यात स्वतःची गाडी भाड्याने चालवते. मागे बसलेल्या प्रवाशाने गाडी थांबवायला लावून तिच्या गळ्याला आपल्या खांद्यावरचा दुपट्टा आवळला. तिने सीटजवळचा लोखंडी पाना मागे हाणला आणि त्याचं डोकं फुटलं. मग त्याच माणसाला त्याच गाडीत घालून तिनेच दवाखान्यात नेलं. तो चार दिवसांनी शुद्धीवर आला आणि म्हणाला की भाड्यावरून भांडण झालं, बाईने चिडून मारलं. म्हणून खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा आत्यावर. मग कुणीतरी विचारतं की दवाखान्यात का नेलं. याचं उत्तर मात्र मला येतं. तू नेणारच होतीस.

काल दिवसभर पुस्तक घेऊन बसले. रात्री घर फोडणाऱ्याला आणि राहत्या जागेला आग लावणाऱ्याला रोखताना त्याचा जीव गेला, तरी कायदा काही अटींवर घरमालकाला माफ करतो. राहती जागा म्हणजे काय, तर इमारत, तंबू आणि जहाज. गाडीचं नाव मला कुठे सापडलं नाही. सापडेपर्यंत शोधीन.

तुझा फोन पोलिसांकडे जमा आहे आणि काकांच्या फोनवर प्रकरणाबद्दल बोलू नका असं वकीलबाईंनी बजावलंय, म्हणून पत्रच लिही. काय घडलं ते अगदी ओळीने लिही. घाबरू नकोस असं मी लिहिणार नाही, कारण मीच घाबरले आहे.

काकांना नमस्कार. लोभ तुझा आहेच, या खेपेला जोडीला थोडा भरवसाही असू दे.

तुझी
पौर्णिमा


जठारपेठ, अकोला
दि. २ डिसेंबर २०२४

चि. पौर्णिमाले आत्याचे पोटभर आशीर्वाद. आमी खुशाल हावो, तू दोन टाइम जेवतं का नाई ते पयले कळव.

तुह्यं पत्र भेटलं. वकीलबाईनं फोनवर बोलू नका म्हटलं, तं तुह्या काकानं ते शिलाईच्या मशीनवर बसून मोठ्यानं वाचलं. ब्लाउज शिवाले आलेल्या दोन बायायनंबी ऐकलं. त्यायले तुह्यं अक्षर आवडलं.

कायद्यात जहाज हाय न गाडी नाई, हे वाचून मी लय हासली. कायदा लिहिणाऱ्याले म्हणा, एकडाव अकोल्याची मोर्णा पाहून जा. उन्हाळ्यात तिच्यात म्हशीचे गुडघे भिजत नाईत, तिथं जहाज कोन आनते? आन माही गाडी पाय. सकाळी सहाले मी तिच्यात बसतो. डबा तिच्यात खातो, दुपारी लिंबाखाली सीट मागं करून झोपतो, काकावर रुसली तं तिच्यातच जाऊन बसतो. घरी तं मी पाहुनी म्हणून येतो.

आता ओळीनं सांगतो. दर्यापूरच्या स्टँडवरून तो मानूस अकोल्यासाठी बसला. दुपारचे चार झाले असन. मले ताई म्हणे. मोर्शीचे संत्रे हायेत म्हणून दोन संत्रे देल्ले. संत्रं गोड होतं, हे म्या पोलिसायलेबी सांगतलं, खोटं काहून बोलू. पूर्णेचा पूल गेल्यावर त्यानं लघवीसाठी गाडी थांबवाले लावली. मानूस उतरून राहिला म्हणून म्या तोंड शेताकडं फिरवलं. बाईमानसानं येवढं पाळा लागते. पन तो उतरलाच नाई. मागून दुपट्टा आला आन माही मान सीटच्या दांडीले बांधल्यासारखी झाली. तो किल्ली मांगे. अवं, बोलाले गळा तं सोड, मंग मांग. डाव्या हाताले पाना लागला. तो म्या मागं हानला.

काल तुह्या बापानं, वामनदादानं, गावावरून येऊन मीटिंग घेतली. दादा आन काका दोघं म्हणतात का पान्याचं नावच घेऊ नको. जोरात ब्रेक मारला, तो दारावर आपटला, असं सांग. ब्रेकले कोन जेलात टाकते? दादा म्हणते का गुन्हा साबित झाला तं दहा वर्षं, जन्मठेपबी होऊ शकते. मी आता सेहेचाळीसची. पौर्णिमा, मले गाडी चालोता नाई आली तं मी काय करीन, हे मले सुचतच नाई. ब्रेकचं सांगनं मले सोपं वाटून राहिलं. तू काय म्हणतं?

उत्तर लवकर धाड. माया तं हायेच, तिचा हिशेब नोको ठेवू.

तुही
सुभद्राआत्या


अमरावती
दि. ११ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ब्रेकचं सांगू नकोस. हे पहिल्या ओळीत लिहिते आहे, म्हणजे काका मशीनवर वाचताना बाबांनाही ऐकू जाईल.

जी बाई म्हणते की मी मारलंच नाही, तिने उद्या जीव वाचवायला मारलं असं सांगितलं तर तिच्यावर कोण विश्वास ठेवील? तुझ्या बाजूने जे एक खरं आहे, तेच तू ब्रेकखाली घालशील. शिवाय ते खोटं आहे. बाबा म्हणतील की पोरगी पुस्तकातलं बोलते. बोलू दे मला. त्यांनीच शिकवायला पाठवलं.

आता गंमत ऐक. आमच्या कॉलेजात दरवर्षी लुटूपुटूचा खटला होतो. यंदा मीच विषय सुचवला की गाडीत बसून स्वसंरक्षणासाठी कितपत मारता येतं. मॅडमना आवडला. चिठ्ठ्या टाकल्या आणि मला कोणती बाजू आली असेल? सरकारी. तुझ्या विरुद्धची. तुझी बाजू आली माझी रूममेट रागिणी हिला. ती साताऱ्याची, बोलायला पटाईत. तिने गाडी म्हणजे घरच असं सांगून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं. मी उठले आणि म्हटलं की कायद्यात इमारत, तंबू, जहाज आहे, गाडी नाही. आपण आपल्या मनाने शब्द घालू शकत नाही. मॅडमनी माझं बरोबर ठरवलं. तुझ्या विरुद्ध मी जिंकले, आत्या. नंतर रागिणीने मला गिला वडा खायला नेलं आणि मी दोन प्लेट खाऊन वर रडले.

पण निकाल देताना मॅडमनी मला एक टोला दिला. त्यांनी विचारलं की मग गाडीवालीने काय मरायचं होतं? आणि मी विचार न करताच उत्तर देऊन बसले. म्हटलं, तिने घर वाचवलंच नाही, स्वतःला वाचवलं. गळा आवळला जात असेल, मरणाची किंवा जबर जखमेची खरोखर भीती वाटावी अशी वेळ असेल, तर माणूस वाड्यात आहे की वावरात की गाडीत, हे कायदा विचारत नाही. तेव्हा समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की गाडी घर नसते आणि तुला तिने घर असण्याची गरजही नाही. मी इतके दिवस छप्पर शोधत होते आणि कलम तुझ्या गळ्याबद्दल होतं.

एक अवघड गोष्ट मात्र उरते. जीव वाचवायला लागेल तेवढंच मारता येतं, त्याहून जास्त नाही. तो पडल्यावर रागाने हाणलेला एक फटकाही आपल्याला महागात जाईल. म्हणून मला खरं सांग. किती वेळा मारलंस आणि कधी थांबलीस? उत्तर काहीही असलं तरी मी तुझीच आहे, पण ते मला माहीत असलं पाहिजे.

काकांना सांग की हा परिच्छेद मोठ्याने वाचू नये. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी
पौर्णिमा


जठारपेठ, अकोला
दि. २० डिसेंबर २०२४

चि. पौर्णिमाले आशीर्वाद. माह्याच विरुद्ध जिंकली म्हणून अर्धा आशीर्वाद कापून घेतला हाय. गिला वड्याचा खर्च रागिणीनं केला म्हणून तिले पुरा.

तू विचारलं ते कोनी विचारलंच नोयतं. ना पोलिसायनं, ना दादानं. काका तं मले रोज चहा करून देते, विचारत नाई.

पयले हानला तं त्यानं दुपट्टा अजून आवळला. डोळ्यापुढं काळं झालं. दुसरा हानला तवा गळा मोकळा झाला. म्या मागं वळून तिसरा उचलला होता. राग तं लय आलता, खरं सांगतो. पन त्याचे हात खाली पडले होते आन डोक्यातून रगत येऊन राहिलं होतं. माह्याच सीटवर. म्या पाना खाली ठेवला आन त्याचाच दुपट्टा त्याच्या डोक्याले बांधला. बस. आता हे कायद्यात बसते का नाई ते तू पाय.

आमच्या वकीलबाई दीपमालाताई हायेत, त्या म्हणतात का बसते. चांगली बाई. अकोल्याचीच, आपल्यासारखीच बोलते. त्या म्हणतात का पोलिसापुढचा कबुलीजबाब तसा कोर्टात चालत नाई, पन तपास करनारे साहेब त्यावरच अडून बसले. त्यायच्याकडं गेलं का ते म्हणतात, बाईनं सोताच कबूल केलं. मंग माह्या मानेवरचे वळ कोन पाहते? काकानं दुसऱ्या दिवशी मानेचा फोटो काढला होता, सोयऱ्याईले दाखवाले, का पहा माह्या बायकोचा पराक्रम. तो फोटोबी साहेबानं पायला नाई.

जबाब म्या ताईकडं वाचला. त्यात असं हाय: 'मला वाटले आता मारून टाकते, म्हणून पाना उचलून मारला.' बराबर असंच बोलली होती मी. ताईनंबी वाचला, त्यायलेबी काई चुकीचं दिसत नाई. काकानंबी वाचला. मंग साहेब कायले म्हणतात का मी कबूल केलं? आमाले तिघायलेबी समजून नाई राहिलं.

दादानं ब्रेकचा नाद सोडला. तुह्यं पत्र ऐकलं आन जातानी येवढंच म्हणला का पोट्टी कडक झाली.

सांभाळून राय. आत्याले इसरनं तुले जमणार नाई, हे मले ठाऊक हाय.

तुही
आत्या


अमरावती
दि. २७ डिसेंबर २०२४

ती. आत्यास आणि काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मोठ्याने वाचा. दुकानात गिऱ्हाईक असलं तर फारच छान.

तुझं पत्र आलं तेव्हा रागिणी केसांना तेल लावत होती. मी तिला जबाबातली ओळ वाचून दाखवली. तिचा हात थांबला. ती हळूच म्हणाली की मग आत्याला त्याला मारूनच टाकायचं होतं. मी भडकले. दुपट्टा आवळणाऱ्याचं सोडून माझ्या आत्याला बोलतेस का, असं म्हणून मी तिच्याशी भांडले. तिने पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. तिला तेच ऐकू येत होतं आणि मला वेगळंच. पाच मिनिटं आम्ही एकमेकींना बहिऱ्या समजत होतो.

मग तिने विचारलं की कोण मारून टाकते? मी म्हटलं, तो. आणि ती पलंगावर आडवी होऊन हसायला लागली.

आत्या, साताऱ्याकडे तो 'टाकतो' आणि ती 'टाकते'. बाई स्वतःबद्दल बोलली तरी 'मी टाकते'. आपल्याकडे तो येते, बाप म्हणते, नवरा रुसते. आणि आपण बाया म्हणतो मी येतो, मी जातो. पहिल्या वर्षी रागिणी मला यावरून रोज चिडवायची की तुमच्या वऱ्हाडात मुलगे मुलींसारखे येतात आणि मुली मुलांसारख्या जातात. चिडवून चिडवून तिने मला पुस्तकी बोलायला लावलं.

म्हणजे तू म्हणालीस की आता हा मला मारून टाकते. साहेबांनी वाचलं की आता मी ह्याला मारून टाकते. जबाब लिहिणाऱ्याने मले चं मला केलं, वाटलं चं वाटले केलं, पण टाकते त्याच्या भाषेतही शुद्धच होतं, म्हणून तसंच राहू दिलं. तू, काका, वकीलबाई, तिघंही वऱ्हाडी. तिघांनी बरोबर वाचलं, म्हणून तिघांनाही चूक दिसली नाही. आणि तुला स्वतःबद्दल बोलायचं असतं तर तू टाकतो म्हणाली असतीस. आयुष्यात तू स्वतःबद्दल कधी टाकते म्हणालेली नाहीस.

कायदा विचारतो की त्या क्षणी तिला मरणाची भीती वाटली का. तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस की वाटली. आपली सगळी बाजू त्या एका शब्दात आहे आणि तो शब्द तिकडे उलटा उभा आहे. उद्याच्या उद्या दीपमालाताईंकडे जा. काकांच्या फोनमधला फोटो घेऊन जा.

मला आज अभ्यास होणार नाही. आम्ही दोघी नुसत्या हसतो आहोत. तुम्हा दोघांची कृपा अशीच माझ्यावर पसरलेली राहो.

तुमची
पौर्णिमा


जठारपेठ, अकोला
दि. १६ मार्च २०२५

चि. पौर्णिमाले आशीर्वाद, कापलेला अर्धाबी व्याजासकट वापस.

सुटली मी. पोलिसायनंच कोर्टात लिहून देल्लं का बाईनं जीव वाचवाले मारलं, तिच्यावर गुन्हा नाई. काल कोर्टानं ते मानलं. आता त्या संत्रेवाल्यावर लुटीची केस चालन. मले साक्षीले बोलावतील. मी जाईन आन संत्रं गोड होतं हेबी सांगीन.

मधी कळवलं नाई, कारन ताई म्हणे का पुरं होईपर्यंत थांबा. पन साहेबाची गोष्ट सांगतो. ताई मले घेऊन गेल्या. साहेब कोल्हापूरकडचे, मिशीवाले. ताईनं समजावलं तं ते मानेत ना. मंग त्यायनं मलेच विचारलं का तुमचे यजमान दुकानातून कधी येतात. म्या म्हटलं, आठाले येते. त्यायनं विचारलं, तुम्ही? म्या म्हटलं, मी नवाले येतो. मंग दारातल्या शिपायाले त्यायनं विचारलं का तुझा पोरगा शाळेत जातो का. शिपाई आपला मूर्तिजापूरचा. तो म्हणला, जाते ना साहेब, रोज जाते. साहेबानं डोक्याले हात लावला आन सगळ्याईले चहा सांगतला.

मानूस वाईट नोयता, पौर्णिमा. त्याच दिवशी जबाब नव्यानं घेतला, फोटो ठेवून घेतला, दुपट्टा तपासाले धाडला. दुपट्टा त्याचाच निंगाला, त्याच्या घरच्याईनं ओळखला. दुसऱ्या फटक्यानंतर मी थांबली, हे त्यायनं तीनदा विचारलं. तीनदा तेच सांगतलं. खऱ्याचं बरं असते, पाठ करा लागत नाई.

गाडी मागच्या महिन्यातच ठाण्यातून भेटली. काच उघडी राह्यली होती आन मागच्या सीटवर मांजर व्याली होती. चार पिल्लं. साहेब म्हणे का काढून देतो. म्या म्हटलं राहू द्या, मोठी होऊ द्या. कायदा काईबी म्हणो, मांजरीनं तं ठरवून टाकलं का ते घर हाय. आठ दिवस मी गाडीकडं दुरूनच पाहून आली.

काका म्हणते का तुले फीचं विचार. मी त्याले म्हटलं, पोट्टीले पुरनपोळीवर भागवू. परीक्षा झाली का ये. रागिणीलेबी आन.

अशीच माया करत राय, आमाले सवय झाली.

तुही
आत्या


जठारपेठ, अकोला
दि. ९ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वरचा पत्ता वाचून चष्मा पुसू नकोस. बरोबर लिहिला आहे.

निकाल तुला कळलाच आहे. सनदही हाती आली. रागिणीच्या मामांचं पुण्यात मोठं ऑफिस आहे आणि त्यांनी मला बोलावलं होतं, हे बाबांनी तुला सांगितलं असेल. बाबा खूश होते. मीही होते. पण तुझ्या साहेबांची गोष्ट वाचल्यापासून एक विचार माझा पिच्छा सोडत नव्हता. त्या प्रकरणात पोलिसांकडून खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याने ऐकलं तेच लिहिलं, साहेबांनी लिहिलं तेच वाचलं. सगळे सरळ होते आणि तरी तू आयुष्यभरासाठी आत जाणार होतीस. तुला भाची होती, भाचीला साताऱ्याची रूममेट होती. ज्यांना नाही त्यांच्या जबाबाचं काय होतं, हे मला पुण्यात बसून कळणार नव्हतं.

मी जून महिन्यात दीपमालाताईंना भेटले. त्यांना विचारलं की तक्रार द्यायला येणाऱ्या बायांबरोबर सहीआधी कुणी बसतं का. त्या म्हणाल्या की बसायला हवं, पण मी एकटी कुठे कुठे पुरणार. तेवढंच बोलणं झालं.

मग मी पुण्याला नकार कळवला. रागिणी दोन दिवस भांडली, तिसऱ्या दिवशी तिने माझी ट्रंक बांधून दिली. बाबांना मी समोर बसून सांगितलं. ते तंबाखू मळता मळता म्हणाले की आत्याला विचारलंस का. मी म्हटलं, तिला विचारलं तर ती पुण्याला जा म्हणेल, म्हणून विचारणार नाही. त्यावर ते हसले आणि ट्रंक बसवर चढवायला आले.

तेव्हा रागावायचं असेल तर आता रागाव. तुमच्या घरासमोरच्या भांड्यांच्या दुकानावरची खोली मी घेतली आहे. काकांना ठाऊक आहे. त्यांनीच पडदे शिवून दिले आणि तुझ्यापासून लपवायला ते गिऱ्हाइकाचे म्हणून सांगितले. तू सोमवारपासून शेगावच्या भाड्यावर होतीस, तेवढ्यात मी सतरंजी अंथरली, पुस्तकं लावली आणि ताईंकडे जायला लागले. हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. तुझ्या दाराखालून सरकवलं आहे.

काल एका बाईचा जबाब होता. तिने सही करायच्या आधी मी तो तिला दोनदा वाचून दाखवला, तिच्याच बोलीत. दुसऱ्या वेळी तिने एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली की असं नाही, तसं. मी तो शब्द बदलून घेतला. मग तिने सही केली.

आशीर्वाद द्यायला रस्ता ओलांडलास की पुरे.

तुझी
अ‍ॅड. पौर्णिमा